‘साधारणपणे’ या शब्दाचे वजन

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे डी. जॉन साउअर यांची सुनावणी झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांचे नाव सॉलिसिटर जनरल पदासाठी सुचवले होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर डिक डर्बिन यांचा प्रश्न सरळ होता : सरकारी अधिकाऱ्याने न्यायालयाचा आदेश झुगारणे कधी योग्य ठरू शकते का? साउअर यांच्या उत्तराचा आशय असा, की थेट बंधनकारक आदेश असेल तर तो साधारणपणे पाळायला हवा. ‘साधारणपणे’च का, असा पुढचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी टोकाचे उदाहरण म्हणून १९४४ सालच्या कोरेमात्सू निकालाचे नाव घेतले. विरोधकांनी तो शब्द सोडला नाही. तरीही ३ एप्रिलला ५२ विरुद्ध ४५ मतांनी ही नेमणूक मंजूर झाली.

एका क्रियाविशेषणावरून एवढा गदारोळ का, असे कोणालाही वाटेल. मला तो विरोध रास्त वाटतो. त्याचे उत्तम कारण साउअर यांनी दिलेल्या उदाहरणातच दडलेले आहे.

आधी हे पद समजून घेऊ. आपल्याकडे सॉलिसिटर जनरलची नेमणूक केंद्र सरकार करते. त्यासाठी संसदेपुढे सुनावणी होत नाही. अमेरिकेत सिनेटची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा हा मुख्य वकील. त्याला ‘दहावा न्यायाधीश’ म्हणतात, कारण नऊ न्यायाधीश त्याच्या शब्दावर विसंबतात. न्यायालयाकडे ना सैन्य, ना तिजोरी. आपल्या घटनेच्या १४४व्या अनुच्छेदाने सर्व मुलकी आणि न्यायिक प्राधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या साहाय्यार्थ वागायला बांधून घातले आहे. २००६ साली सॉ मिलबाबतचा आदेश मोडल्याबद्दल महाराष्ट्राच्या एका मंत्र्याला आणि एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला याच न्यायालयाने महिन्याभराची कैद सुनावली होती. अमेरिकेच्या घटनेत असे स्वतंत्र कलम नाही. तिथे बराचसा भार परंपरेवर आणि सरकारी वकिलाच्या शब्दावर आहे.

आता कोरेमात्सू. दुसऱ्या महायुद्धात, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. फ्रेड कोरेमात्सू या तरुणाने घर सोडायला नकार दिला. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याची शिक्षा कायम केली.

निकाल लाजिरवाणा होता, यात वाद नाही. पण त्या निकालाने सरकारला काय करायला सांगितले? काहीच नाही. सरकार करत होते ते चालेल, एवढेच न्यायालय म्हणाले. सरकारने दुसऱ्याच दिवशी साऱ्या छावण्या उघडल्या असत्या, तरी न्यायालयाचा कोणताही आदेश मोडला नसता. न्यायालयाने दिलेली मुभा न वापरणे वेगळे आणि न्यायालयाने केलेली मनाई झुगारणे वेगळे. आदेश झुगारण्याच्या समर्थनासाठी हा निकाल पुढे करणे म्हणजे ही दोन टोके एकाच गाठीत बांधणे आहे. उलट, त्याच दिवशी मित्सुये एंडो या तरुणीच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की जिच्या निष्ठेविषयी शंका नाही अशा नागरिकाला डांबून ठेवता येणार नाही. त्या दिवशी सरकारवर बंधन घालणारा निकाल हाच, आणि तो सुटकेच्या बाजूचा होता.

कोरेमात्सूचा खरा धडा आणखी पुढे आहे. तेव्हाचे सॉलिसिटर जनरल चार्ल्स फाही यांच्या खात्याकडे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातल्या अधिकाऱ्याचा, रिंगल यांचा, अहवाल होता. साऱ्या समाजाला धोकादायक ठरवण्याचे कारण नाही, माणसागणिक चौकशी करता येईल, असे त्यात म्हटले होते. तो न्यायालयापासून लपवणे म्हणजे पुरावा दडपणे ठरेल, असा इशारा खात्यातल्याच वकिलाने दिला होता. अहवाल न्यायालयापुढे गेला नाही. १९८३ साली कोरेमात्सू यांची शिक्षा रद्द झाली, आणि २०११ साली प्रभारी सॉलिसिटर जनरल नील कट्याल यांनी आपल्या कार्यालयाच्या या वर्तनाची जाहीर कबुली दिली. म्हणजे साउअर यांनी ज्या निकालाचे नाव घेतले, त्या निकालाला त्यांचेच भावी कार्यालय अंशतः जबाबदार होते. सरकारी वकिलाने न्यायालयाशी सचोटीने वागावे, हा त्या प्रकरणाचा धडा.

दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. आदेशच अन्यायाचा असेल, तर सद्सद्विवेक जागा असलेल्या अधिकाऱ्याने काय करावे? लिंकन यांचा दाखला दिला जातो. ड्रेड स्कॉट निकालाबद्दल त्यांनी म्हटले होते, की त्या खटल्यापुरता तो मानू, पण देशाचे धोरण म्हणून स्वीकारणार नाही. हा भेद नेमका आहे : निकालावर टीका करा, तो बदलून घ्या, पण पक्षकार म्हणून तुमच्यावर बजावलेला आदेश पाळा. पुढे १८६१ साली मेरीमन प्रकरणात लिंकन यांनी स्वतःच हा भेद पाळला नाही. पण तेव्हा यादवी युद्ध पेटले होते, आणि त्या कृतीवर आजही वाद होतो.

अधिकाऱ्यापुढे आणखीही वाटा असतात : अपील, स्थगितीची मागणी, शेवटी राजीनामा. ऑक्टोबर १९७३ मध्ये न्यायालयाने निक्सन यांना ध्वनिफिती सादर करायला सांगितले होते. त्या मागणारे विशेष सरकारी वकील कॉक्स यांना काढून टाका, असा हुकूम निक्सन यांनी दिला, तेव्हा अॅटर्नी जनरल रिचर्डसन आणि त्यांचे उपप्रमुख रकेल्सहाउस पायउतार झाले. कॉक्स यांना काढले ते तेव्हाचे सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी. पण तीनच दिवसांत निक्सन यांच्या वकिलाला न्यायालयात येऊन आदेश पाळण्याची हमी द्यावी लागली.

१५ मे २०२५ रोजी साउअर सर्वोच्च न्यायालयात उभे होते. खालच्या अपील न्यायालयांचे पूर्वनिवाडे सरकार पाळणार का, असे न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी विचारले. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाळू, असे ते स्पष्ट म्हणाले. पण अपील न्यायालयांबाबत उत्तर आले ते पुन्हा ‘सर्वसाधारण प्रथे’चे, अपवादाला जागा ठेवणारे. प्रश्न विचारणाऱ्या न्यायमूर्ती खुद्द ट्रम्प यांनीच नेमलेल्या होत्या. सिनेटमधला विरोध निव्वळ पक्षीय म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

मते मोजून विरोध हरला. पण सुनावणीचा उपयोग फक्त नेमणूक अडवण्यापुरता नसतो. माणसाचा शब्द नोंदवून ठेवण्यासाठीही ती असते. फेब्रुवारीत ‘साधारणपणे’ हा शब्द नोंदला गेला, म्हणून मे महिन्यात तो ओळखू आला.