मिंग म मिंग? कँटोनीजमध्ये "कळलं ना?" असं विचारायचं



हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात कापड, लेस, बटणं, मणी यांची दुकानंच दुकानं आहेत. तिथे कापड यार्डात मोजतात आणि आपण मीटरवाले. समजा दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर 100 दाखवलं, तुम्ही मान डोलावली, ॲडव्हान्स दिला. माल घरी आला, टेप लावली, तर भरलं 91 मीटर आणि वर थोडंसं. फसवलं का कुणी? अजिबात नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटरच. एका ताग्यामागे साडेआठ मीटर कमी, 20 ताग्यांत 171 मीटर. तुमचं कॉस्टिंग मीटरवर असेल तर नफा तिथेच संपला.

हे टाळायला अख्खी भाषा शिकायची गरज नाही. समोरच्याला आपलं कळलंय का आणि आपल्याला त्याचं कळलंय का, एवढं तपासणारी पाच-सहा वाक्यं पाहिजेत.

आधी एक स्पष्ट सांगतो. कँटोनीज चालते हाँगकाँग, मकाऊ आणि ग्वांगझूच्या स्थानिक लोकांत. यिवूला जाणार असाल तर मँडरिन शिका, हा लेख सोडून द्या. ग्वांगझूच्या होलसेल मार्केटमध्येही बाहेरच्या प्रांतातले विक्रेते भरपूर, तिथेही मँडरिनच जास्त. 1957 पासून भरणाऱ्या कँटन फेअरमध्ये तर बऱ्याच स्टॉलवर इंग्रजी बोलणारा माणूस असतो. पण हाँगकाँगच्या गल्लीतल्या जुन्या दुकानात, जिथे काकांचं इंग्रजी आकड्यांपुरतं असतं, तिथे ही वाक्यं कामाला येतात.

आणि आपण मराठी माणसं इथे फायद्यात आहोत बरं का! कँटोनीजमध्ये क-ख, त-थ, प-फ हा फरक अगदी आपल्यासारखाच आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक "गाँग" म्हणतात, खरा उच्चार "कॉंग" च्या जवळ जातो. म्हणून वहीत देवनागरीत लिहा. अडचण येते ती सुरांची. सहा सूर आहेत. "माय" हा शब्द एका सुरात विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे! व्यापाऱ्याला याहून वाईट जोडी कुठली मिळणार? सूर कागदावर येत नाहीत, ते ऐकूनच बसतात.

आता वाक्यं. "मिंग" म्हणजे समजणे, "म" म्हणजे नाही. प्रश्न करायचा तर दोन्ही जोडा: "मिंग म मिंग आ?" समजलं की नाही? उत्तरही त्याच शब्दाने येतं, "मिंग" किंवा "म मिंग". तुम्हाला नाही कळलं तर "ङो म मिंग", मला नाही समजलं. "ङो" मधला ङ जमला नाही तर "ओ" म्हणा, हाँगकाँगचे बरेच लोकही तसंच म्हणतात.

पुन्हा सांगायला लावायचं असेल तर "म कॉय, कॉंग तॉ छी". "म कॉय" म्हणजे प्लीजही आणि थँक्यूही, दिवसभरात पन्नास वेळा वापरा. हळू बोला म्हणायचं तर "कॉंग मान ती". आणि लिहून द्या म्हणायचं तर "म कॉय, से तय".

पण एक सांभाळा. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला "कळलं का?" असं विचारलं तर कसं वाटतं? मास्तरांनी विचारल्यासारखं. तिथेही तसंच. वयाने मोठ्या दुकानदाराला "मिंग म मिंग" थेट टाकू नका. त्याऐवजी दोष आपल्याकडे घ्या: "ङो कॉंग तक छिंग म छिंग छॉ?" मी नीट सांगितलं ना? वाक्य लांब आहे, पण पाठ करण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, समोरचा "हय, हय" म्हणत मान हलवतो. "हय" म्हणजे हो, बरोबर आहे. पण आपण फोनवर "हं, हं" करतो ना, तसंही ते असतं. ऐकतोय, एवढाच अर्थ. सौदा पक्का झाला असं धरू नका. स्वतः आकडा परत बोला. त्यासाठी "चिक हय", म्हणजे "म्हणजेच", आणि शेवटी "ङाम म ङाम?", बरोबर की नाही? आपल्या ताग्याचं उदाहरण घ्या: "चिक हय यत पाक मा, ङाम म ङाम?" म्हणजे शंभर यार्ड, बरोबर? "मा" म्हणजे यार्ड, मीटरला "मय". एवढं विचारलं असतं तर 171 मीटरचा घोळ दुकानातच सुटला असता. बटणं घेताना "ता" लक्षात ठेवा, "यत ता" म्हणजे एक डझन. नग, डझन की ग्रोस, हे प्रत्येक वेळी विचारा. एका ग्रोसमध्ये 144 नग, म्हणजे चूक झाली की थेट 12 पट किंवा 144 पट.

आकड्यांत एक आणि सात जपून. "यत" आणि "छत", सूरही एकच. गोंगाटात 11 चं 17 ऐकू येतं. आणि बोटांवर भरवसा ठेवू नका: अंगठा आणि तर्जनी दाखवली तर आपण दोन समजतो, तिथे ते आठ असतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. म्हणून कॅल्क्युलेटर दाखवा, एकक तोंडाने विचारा आणि दोन्ही बिलावर लिहून घ्या. ॲडव्हान्स त्यानंतर.

व्हिडिओत प्रत्येक वाक्य दोनदा, हळू म्हटलंय. आधी ऐका, मग वही उघडा. एक ते शंभर आकड्यांचा भाग वेगळा करतोय.