‘पगार’ या शब्दाचें मूळ

सातारा काय किंवा सांगली काय, या मुलुखावर पोर्तुगिजांचें राज्य कधींच नव्हतें. तथापि येथील शिक्षक, कारकून व कारखान्यांतील कामगार ज्याची महिनाभर वाट पाहतात, तो ‘पगार’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज आहे. त्या भाषेंत तें नाम नसून नित्याच्या व्यवहारांतील क्रियापद आहे. अर्थ, ‘देणें चुकतें करणें’.

गोवा इ. स. १५१० पासून पोर्तुगिजांकडे होतें. वसई १५३४ पासून त्यांच्याकडे होती. ती १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जिंकली. किनाऱ्यावर चाकरी करणारांच्या तोंडीं बसलेला हा शब्द कालांतरानें घाट चढून देशावर आला. गोव्यांतील आसगांव येथें जन्मलेले पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनीं आशियांतील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्याची नोंद आहे.

आतां आणखी मागें जाऊं. लॅटिन भाषेंत ‘पाक्स’ म्हणजे शांति, व त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणें. धनको पैसा मिळेपर्यंत अस्वस्थ असतो, मिळतांच निवतो. म्हणून पुढें ‘शांत करणें’ याचाच अर्थ ‘देणें फेडणें’ असा झाला. ‘क’चा ‘ग’ होणें आपणांस अपरिचित नाहीं. संस्कृत ‘मकर’ मराठींत ‘मगर’ झालाच आहे. फ्रेंचमार्गें इंग्रजींत गेलेला ‘पे’ हा पगाराचा सख्खा भाऊ होय. जुना ‘मुशाहरा’ हा शब्द अरबी ‘शहर’ म्हणजे महिना यावरून आला. तो दिवस मोजतो; ‘पगार’ घेणाऱ्याचें समाधान पाहतो.

या भेदाचें महत्त्व आमच्या उसाच्या फडांत दिसतें. तोडणीचे मजूर हंगामापूर्वीं मुकादमाकडून ‘उचल’ घेतात व ती कष्टानें फेडतात. न फिटल्यास बाकी पुढील हंगामाच्या माथीं बसते. पैसा हातीं येतो, पण हिशेब मिटत नाहीं. ती उचल खरी, पगार नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक उद्यां पगार घेतील, कांहीं देतीलहि. देणारांनीं हें मूळ ध्यानीं ठेवावें. घेणाऱ्याचें मन निवालें नाहीं, तोंवर पगार झाला असें शब्दाच्या न्यायानें म्हणतां येत नाहीं.