गव्हावर दळलेली ज्वारी

शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा दीर्घकालीन आजारांत, म्हणजे स्वयंप्रतिकार आजारांत, आहार हेच औषध असल्याचा दावा हल्ली फार सैलपणे केला जातो. आमवातात किंवा थायरॉइडच्या अशा विकारात सकस आहार हितकारक असला, तरी तो औषधांची जागा घेत नाही. हा दावा काटेकोरपणे खरा ठरतो तो सीलिअ‍ॅक आजारात, कारण तेथे गहू, जव आणि राय ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे हाच सर्वमान्य उपचार आहे. कणीक तिंबल्यावर तिला ताण देणारे जे प्रथिन, ते ग्लुटेन. ते पूर्ण पचत नाही आणि विशिष्ट जनुके असलेल्या काही माणसांत त्याचे तुकडे संरक्षणपेशींना शत्रूसारखे भासतात. या हल्ल्यात लहान आतड्यातील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, झिजून सपाट होतात. त्यामुळे मुलांची वाढ खुंटते, तर मोठ्यांत कित्येकदा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते.

गव्हाचा हा दोष हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात योगायोगाने उघड झाला, असे सर्रास सांगितले जाते. पाव मिळेनासा झाला तेव्हा आजारी मुले सुधारली आणि पाव परतताच पुन्हा खालावली, अशी ती कथा. निरीक्षण खरे असले, तरी या कथेने विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञावर अन्याय केला आहे. द हेगच्या युलियाना बालरुग्णालयातील डिके यांचा गव्हावरील संशय युद्धाच्या आधीचा होता आणि गहू वगळलेल्या आहारावरील त्यांचा लेख १९४१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्या काळी गाजत होता तो अमेरिकेतील सिडनी हास यांचा १९२४ चा केळ्यांचा आहार. त्यात पाव बंद असल्यामुळे मुले सुधारत आणि श्रेय मात्र केळ्यांना मिळे. डिके यांनी एकेक धान्य देऊन आणि काढून घेऊन मुलांच्या वजनाच्या नोंदी ठेवल्या, पुढे व्हान दे कामर या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने विष्ठेतील न पचलेली चरबी मोजली, आणि १९५० च्या उट्रेख्त येथील प्रबंधात दोष गव्हाचा व रायचा असून तांदूळ आणि मका निर्दोष असल्याचे मांडले. आहारविषयक दावा कसा तपासावा याचे इतके निर्मळ उदाहरण वैद्यकात विरळा.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेकडे १.२३ टक्के, ईशान्येकडे ०.८७ टक्के, तर दक्षिणेत केवळ ०.१० टक्के लोकांच्या रक्तात या आजाराची प्रतिद्रव्ये आढळली. संबंधित जनुकांचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखे होते, गव्हाचे सेवन मात्र फार वेगळे. मुंबईच्या उपनगरांत हे तिन्ही प्रदेश एकाच इमारतीत नांदतात आणि घाटकोपर-मुलुंडमध्ये थेपला, खाखरा, फुलके रोजचे असतात, त्यामुळे हा आजार केवळ पंजाबचा मानणे येथे परवडणारे नाही. निदानापूर्वीच गहू सोडला तर प्रतिद्रव्ये उतरतात, रसांकुर भरू लागतात आणि तपासणी खोटा दिलासा देते, म्हणून रक्ततपासणी व गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी गहू खात असतानाच व्हायला हवी.

पथ्य ठरल्यावर मराठी घराला महागडी पाकिटे शोधावी लागत नाहीत, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते आणि भाकरीची सवय घरात असते. अडचण धान्यात नसून गिरणीत असते. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की जात्यात आणि नळीत अडकलेली कणीक त्या दळणात उतरते. रोज सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास रसांकुरांना इजा होऊ शकते, असे २००७ च्या एका इटालियन अभ्यासात दिसले, आणि तेवढे ग्लुटेन अर्ध्या-पाऊण ग्रॅम कणकेत असते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी भारतातील मर्यादाही किलोमागे २० मिलिग्रॅम अशीच कडक आहे.

येथे एक जुनी शिस्त उपयोगी पडते आणि तिची विज्ञानाने फारशी दखल घेतलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. राजगिरा, शिंगाडा किंवा वरीच्या पिठाला धान्याचे पीठ लागू नये म्हणून उपासाचे दळण वेगळे ठेवण्याची, वेगळ्या डब्यात भरण्याची आणि प्रसंगी घरीच दळण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते. सीलिअ‍ॅकच्या पथ्याला नेमकी हीच दक्षता, फक्त एकादशीपुरती न राहता रोज, लागते. तीच नजर फोडणीकडेही वळवावी लागते, कारण बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते. मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो, थालिपिठाच्या भाजणीत तो बहुधा असतोच, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्येही गहू असतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, मेतकूट व भाजणी गहू वगळून घरी करता येते. आणि घरघंटी घेतली असेल, तर तिच्यात एकदाही गहू दळला जाणार नाही, एवढे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे लागते.