चेहरा पाहून होमिओपॅथीचं औषध

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंत होमिओपॅथीचे दवाखाने पुष्कळ. रोग्याचा स्वभाव, अंगकाठी विचारात घेणं तिथे जुनंच. ऑस्ट्रेलियातले होमिओपॅथ ग्रँट बेंटली यांनी त्यापुढे जाऊन कपाळ, नाक, हनुवटीच्या ठेवणीवरून माणसांचे सात गट पाडले. हे गट म्हणजे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ मध्ये मांडलेले सोरा, सायकोसिस, सिफिलिस हे तीन मूळ दोष आणि त्यांची चार मिश्रणं. गट ठरला की त्यातलं लक्षणांशी जुळणारं औषध निवडायचं.

पण नाकाची ठेवण बहुतांशी आईवडिलांकडून येते. तिच्यावरून दम्याचं औषध ठरवण्याला भरवशाचा आधार नाही. कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्याच राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये काढला.

चेहरा डॉक्टरही वाचतात, मात्र त्यावर झालेला बदल पाहतात. डोळे पिवळे दिसले तर काविळीची, पापणी आतून फिकट दिसली तर रक्तक्षयाची शंका घेऊन रक्त तपासतात. एखाद्याचं तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. तो पक्षाघात असू शकतो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून ती सोय असलेलं रुग्णालयच गाठा.