अभियांत्रिकी शिक्षणाची धोरणे आणि आपले विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी अभियांत्रिकी प्रवेशाची चर्चा सुरू होते. कोणते कॉलेज, कोणती शाखा, फी किती, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी शासकीय धोरणांनी ठरलेली असतात. म्हणून ती समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले धोरण जागा वाढविण्याचे. पूर्वी राज्यात जागा अपुऱ्या असल्याने ऐपतीची मुले देणगी भरून कर्नाटकात शिकावयास जात. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, परंतु खर्चाचा भार पालकांवर आला.

दुसरे धोरण नियंत्रणाचे. १९८७ च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांत निम्म्या जागा 'फ्री' व निम्म्या 'पेमेंट' अशी योजना घातली. २००२ साली ती रद्द झाली. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने प्रवेश व फी यांवर देखरेख करणारी प्राधिकरणे आली. खासगी संस्थांतील आरक्षणाचा मार्ग ९३ व्या घटनादुरुस्तीने मोकळा केला. म्हणजे दार उघडले. पण आत टिकण्यासाठी पैसा लागतोच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यावरील उत्पन्नास राज्याची फ्रीशिप आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतल्यास हा लाभ हातचा जातो. जात वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच सुरू करावी. बँकेचे शैक्षणिक कर्ज हा त्यानंतरचा पर्याय समजावा, कारण हप्ते सुरू होण्यापूर्वीही त्यावर व्याज चढतच असते.

तिसरे धोरण गुणवत्तेचे. १९९४ पासून राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ कार्यरत आहे. त्याची मान्यता संपूर्ण कॉलेजला नव्हे, तर एकेका शाखेला व ठराविक मुदतीसाठी असते. आपल्या शाखेची मान्यता चालू आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मातृभाषेतून अभियांत्रिकी शिकविण्यासही २०२१ साली वाव मिळाला.

२०२४ पासून चांगल्या संस्थांना शाखेतील जागा वाढविण्यावरील मर्यादा परिषदेने उठविली. त्यामुळे संगणक शाखेकडे ओढा वाढला. पण मागणी कायम राहतेच असे नाही. आपल्या कोलशेतमध्ये सँडोझसारखे रासायनिक कारखाने होते. आज त्या पट्ट्यात टोलेजंग निवासी इमारती आहेत. एका पिढीतच हा बदल झाला. म्हणून केवळ आजची नोकरी पाहून शाखा निवडू नये. गणित, विज्ञान व प्रत्यक्ष कामाचा पाया भक्कम करावा.

धोरणे बदलत राहतील. त्यांची वेळीच माहिती घेणे व ती शेजारच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे, हे आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाला सहज करता येण्याजोगे काम आहे.