गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तुमच्या नळीवरची तारीख बघितली का?

उदगीर : वाढवणा, देवर्जन, हंडरगुळीपासून वाडी-तांड्यापर्यंत आता घरोघरी गॅस आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत देशात ८ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. त्या वेळी आलेली नळी अजून तीच असेल, तर तिची मुदत कधीच संपली आहे. टाकी दर वेळी बदलून येते, नळी मात्र आपण बदलल्याशिवाय बदलत नाही.

तपासणी कोण करतं?
दर पाच वर्षांनी गॅस एजन्सीच्या माणसाकडून घरची तपासणी करून घ्यायची असते. नळी, रेग्युलेटर, शेगडी आणि टाकीची जागा तो बघतो. त्याचं ओळखपत्र बघा, पैसे दिले तर पावती घ्या. 'कंपनीकडून आलो' म्हणून कुणी जबरदस्तीनं सामान गळ्यात मारत असेल तर आधी एजन्सीला फोन करा.

घरी काय बघायचं?
- नळी आयएसआय मार्कची, दीड मीटरपेक्षा लांब नको. तारीख नळीवरच छापलेली असते. चीर पडली, उंदरानं कुरतडली तर मुदतीआधीच बदला. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.
- टाकी उभीच ठेवा. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी.
- टाकीच्या वरच्या पट्टीवर 'ए', 'बी', 'सी', 'डी' यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तारीख उलटलेली टाकी घेऊ नका.
- झोपताना रेग्युलेटर बंद करा.

वास आला तर?
हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. लाईटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. चूल, देवापुढचा दिवा विझवा. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, लेकराबाळांसह बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ वर फोन लावा.

विमा आहे, पण माहीत नाही
नोंद असलेल्या पत्त्यावर गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, दवाखान्यासाठी माणशी जास्तीत जास्त २ लाख रुपयांपर्यंत. ग्राहकाला हप्ता भरावा लागत नाही. अपघाताची माहिती एजन्सीला लगेच लेखी द्यावी लागते. म्हणून गॅसचं पुस्तक आणि तपासणीची पावती सांभाळून ठेवा.