वाकडा कणा, सरळ माहिती

वाढत्या वयात काही मुलांच्या कण्याला बाजूला बाक येतो. हाच स्कोलिओसिस. बहुतेकदा तो दुखत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तो वेळेत दिसावा, यासाठी या काही गोष्टी.

दहा अंशांची रेघ
एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सर्वांत जास्त कललेले मणके शोधायचे आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. कोन १० अंश किंवा जास्त भरला तरच स्कोलिओसिस. १० ते १६ वर्षांच्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांत तो आढळतो. त्यातल्या बहुतेकांवर फक्त लक्ष ठेवावं लागतं.

दप्तर निर्दोष!
जड दप्तराने पाठ दुखते, स्कोलिओसिस होत नाही. पोक काढून बसल्याने किंवा कुशीवर झोपल्यानेही होत नाही. किशोरवयातल्या बहुतेक रुग्णांत नेमकं कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र असतो. तेव्हा आई-बाबांनी स्वतःला आणि मुलांना बोल लावणं आधी थांबवावं.

डायनासोर आणि 'वाक बघू'
इग्वानोडॉन या डायनासोरचा शोध लावणारे इंग्रज डॉक्टर गिडियन मँटेल १८५२ मध्ये वारले. त्यांच्या वाकड्या कण्याचा अभ्यास सर्जन विल्यम ॲडम्स यांनी केला. रुग्णाला पुढे वाकवून पाठ तपासण्याची पद्धत आजही ॲडम्स यांच्याच नावाने ओळखली जाते.

घरी करा, एका मिनिटात
मुलाला पाठ उघडी ठेवून, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकायला सांगा. हात खाली सैल सोडू द्या. मागून बघा: एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर उंच दिसते का? या आजारात कणा पिळलेल्या टॉवेलसारखा स्वतःभोवती फिरतो, म्हणून वाकल्यावर उंचवटा वर येतो. उभं असताना एक खांदा वर, एक खवाटा बाहेर आलेला किंवा फ्रॉकची खालची कड तिरकी दिसली, तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलींवर जास्त लक्ष
छोटा बाक मुलगे आणि मुली, दोघांत जवळपास सारखाच आढळतो. ३० अंशांच्या पुढे मात्र एका मुलामागे साधारण दहा मुली असतात. उंची झपाट्याने वाढते त्या काळात, म्हणजे पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, बाक सर्वांत वेगाने वाढतो.

कण्याचं घड्याळ कमरेत
वाढ किती उरली, हे डॉक्टर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून ओळखतात. तिथलं हाड किती तयार झालं, त्यावरून ० ते ५ अशी पायरी ठरते. पायरी जितकी खालची, तितका बाक वाढण्याचा धोका जास्त.

नोबेलवाला एक्स-रे
या मुलांचे एक्स-रे पुन्हा पुन्हा काढावे लागतात. किरणांचा मारा कमी ठेवणारं ईओएस यंत्र ज्या संशोधनातून आलं, ते जॉर्ज शार्पाक यांचं. त्यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

ब्रेस: तास मोजा
वाढ शिल्लक आणि बाक साधारण २५ ते ४० अंश असेल, तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा आधारपट्टा, देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेसमध्ये उष्णता टिपणारा सेन्सर होता. त्याने दाखवून दिलं की रोज सुमारे १३ तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत यश ९० टक्के आणि त्याहून थोडं अधिक होतं.

ऑपरेशनच्या मधेच 'पाय हलव'
बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला, तर स्क्रू आणि सळ्या बसवून कणा सरळ करतात. १९७३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एक युक्ती मांडली: ऑपरेशन चालू असताना भूल हलकी करून रुग्णाला पाय हलवायला सांगायचं, म्हणजे मज्जारज्जू शाबूत असल्याची खात्री पटते. आता हे काम बहुतेक ठिकाणी मज्जातंतूंचे संदेश मोजणारी यंत्रं करतात.

राजा, धावपटू, राजकन्या
इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा १४८५ मध्ये रणांगणावर लढताना मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली त्याचा सांगाडा मिळाला, आणि त्यात किशोरवयात आलेला स्कोलिओसिस दिसला. १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांचं बाराव्या वर्षी ऑपरेशन झालं. २०१८ मध्ये लग्नात त्यांनी मुद्दाम मागे खोल गळ्याचा पोशाख निवडला, पाठीवरचा व्रण सगळ्यांना दिसावा म्हणून.

वाकड्या पाठीची लाज धरण्यासारखं काही नाही. ती लपवण्यात मात्र उपचारांची वेळ निघून जाते, आणि ती वेळ वाढीच्या वयातच असते.